तिसरा शब्द

शिरूर,
११ मार्च २०२५

चि. सुलक्षणा हिस सत्यादादाचा ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमच्या चर्चच्या मंडळीनं छापलेली उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, पत्रिका मिळाली आणि मी जायबंदी झालो. 'क्रुसावरील सात शब्द' असा मथळा, ठळक अक्षरांत, वर वेलबुट्टीची चौकट. सुलू, क्रुसावरून प्रभू सातदा बोलला, ती सात वाक्यं आहेत. शब्द मी स्टाफरूममध्ये बसून बोटांवर मोजले, पन्नाशी ओलांडतात. तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय. शब्द कशाला म्हणावं आणि वाक्य कशाला, हे सांगता सांगता डोक्यावरचे केस गेले. आणि माझ्याच मामेबहिणीच्या देखरेखीखाली दौंडात हे छापलं जातं. मी कुणाला तोंड दाखवावं ते कळवशील.

दुसरी तक्रार वक्त्यांच्या यादीतल्या तिसऱ्या ओळीची. 'तिसरा शब्द : प्रा. सत्यजीत, शिरूर.' एक तर मी प्राध्यापक नाही, हायस्कुलातला मास्तर आहे. दुसरं म्हणजे मला विचारलं कोणी? क्रुसावरून प्रभू आपल्या आईला एका शिष्याच्या हाती सोपवतो, तो हा प्रसंग. घरगुती, हळवा. तिथं बोलता बोलता रुमाल काढणारा वक्ता हवा. मला पाचवा द्या, 'तहान'. आमच्या गल्लीत नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्या विषयावर मी अधिकारानं बोलू शकतो.

फोनच केला असता, पण तू 'बघू रे दादा' म्हणून ठेवून देतेस. व्हॉट्सॲपवर माझ्या दहा ओळींना एक अंगठा पाठवतेस. पत्राला नुसता अंगठा लावून भागत नाही, म्हणून हा टपालखर्च.

माझ्या आईला सलाम सांग. दौंडची हवा तिला मानवली हे वाचून समाधान वाटलं. हवापालटासाठी दौंडला गेलेली ती पहिलीच व्यक्ती असावी.

तुझा,
सत्यादादा


दौंड,
१६ मार्च

सत्यादादा, सलाम.

आजी पण 'सात शब्द'च म्हणायची आन् तीन तास गुडघ्यावर बसायची. तिचं काही अडलं नाही.

पाचवा मिळणार नाही. पोपटकाका अकरा वर्षं तहानेवर बोलतात. रेल्वेत गार्ड होते तेव्हा मनमाड लाइनला मे महिन्यात गाडी पाच तास उभी राहिली होती, दर वर्षी तीच गोष्ट. लोकांना पाठ झालीय तरी ऐकतात. त्यांचा शब्द काढून तुला दिला तर मंडळी दुभंगेल. आन् तिसरा तुलाच द्या असं कोण म्हणालं, ते तुला सांगायचं नाही असं ठरलंय.

आता मुद्द्याचं. हवेवर विनोद केलास, म्हणून लिहिते. आत्याला माझ्याकडं येऊन जूनमध्ये दोन वर्षं होतील. एक पिशवी घेऊन सकाळच्या एसटीनं आली. 'चार दिस ऱ्हाते' म्हणाली. मी काही विचारलं नाही. त्यानंतर तू चार वेळा आलास. चारही वेळा ती मागच्या अंगणात जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी, दादा. तू पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून माझ्या बोलण्यातल्या चुका काढल्यास, चहा प्यालास आन् गेलास. मी नर्स आहे. वरून पट्टी बांधली तरी खाली जखम आहे हे मला कळतं.

आपल्या मंडळीचा रिवाज तू विसरला नसशील. उत्तम शुक्रवारी उपासनेच्या आधी पाळकसाहेब सातही जणांना आतल्या खोलीत घेतात आन् एकच विचारतात, 'कुणाशी अबोला हाय का?' असला तर आधी मिटवून यायचं, मग बोलायचं. दान वेदीपाशी ठेवून आधी भावाकडं जा, असं प्रभूनं शिकवलं तसंच. मागं एकदा सहावा शब्द ज्यांच्याकडं होता ते 'हाय' म्हणाले आन् घरी निघून गेले. ती दहा मिनिटं आम्ही नुसते बसून होतो. मला ती अजून आठवतात.

तेव्हा मिटवून ये.

बाकी ठीक. परवा आत्यानं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. पोपटकाकांनी गुमान पिऊन टाकला, म्हणाले, तहानेची प्रॅक्टिस.

सुलू


शिरूर,
२२ मार्च

प्रिय सुलू,

शिष्यांना पृथ्वीचं मीठ म्हटलेलं आहे. आईनं ते पोपटकाकांवर करून पाहिलं असणार. तिची विनोदबुद्धी शाबूत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

अबोल्याविषयी. अबोला दोघांचा मिळून असतो, त्याला दोन्ही बाजू लागतात. इथं मी बोलतो आणि ती बोलत नाही. ह्याला फार तर अर्धाबोला म्हणता येईल. पाळकसाहेबांच्या प्रश्नात ह्या प्रकाराची सोय नाही, त्याला मी काय करू?

तिसऱ्या शब्दाला माझी खरी हरकत आता सांगतो. आपल्या मराठी शास्त्रात, बायबलात, प्रभू मरताना आईला काय म्हणून हाक मारतो? 'बाई.' काना गावच्या लग्नातही तेच. द्राक्षारस संपला म्हणून ती बिचारी सांगायला येते, तर बाई, तुझा माझा काय संबंध. जाणकार म्हणतात, मूळ ग्रीक शब्द आदराचा आहे. असेल. पण मराठीत बाई म्हणजे शाळेतल्या बाई, नाही तर 'दारात कोण बाई उभी आहे बघ' मधली बाई, नाही तर धुण्याभांड्याची. मरणाऱ्या मुलानं जन्मदात्रीला असं म्हणावं? भाषांतरकारांना 'माते' सुचू नये? संबोधनाचं किती देखणं रूप, शेवटी एकार, हाक लांबवायलाही सोपी.

बोलायचंच झालं तर मी ह्यावरच बोलेन. सात पानं काढून ठेवली आहेत. विषय, भाषांतरातली एक चूक. कुणाचेही डोळे ओले होणार नाहीत ह्याची हमी.

तुझा,
सत्यादादा


दौंड,
२७ मार्च

दादा,

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मिठाच्या जागी हसली. 'बाई'वर आले तसा तिचा हात सुपातच थांबला. मी पुढं वाचत गेले. 'माते'पाशी संपवलं. तिनं एक खडा बाजूला काढला. मग म्हणाली,

'त्यालाच द्या तिसरा. बाई म्हंजी काय, ते त्याला चांगलं ठावं हाय.'

आन् परत तांदूळ निवडायला लागली.

आता सांगूनच टाकते. तुझं नाव तिनंच सुचवलं होतं. फेब्रुवारीत कमिटी माझ्या घरी बसली होती तेव्हा ती दारातनं म्हणाली, 'तिसऱ्याला शिरूरच्या सराला बोलवा.' आम्ही सगळे खूश झालो. मला वाटलं आईची माया, लेकराला बघायचं असंल, सरळ म्हणायला जड जात असंल. म्हणून तुला सांगितलं नाही, तिनंच नको म्हटलं होतं. पण परवाचा तिचा आवाज मायेचा नव्हता. रागाचाही नव्हता. पेशंट डॉक्टरला 'तुम्हीच हात लावून बघा' म्हणतो ना, तसा होता.

आन् तू ह्या शब्दावर एवढा का तापलास? आपल्या सगळ्या घरात तिला बाईच म्हणायचे. आपल्या गावी, कवठ्याला, आजीलाही बाई. 'बाई, भाकर दे' म्हणून तू दारातनं बोंबलत यायचास, मी सात-आठ वर्षांची असंन, मला लख्ख आठवतं. तुझ्या पत्रात ती आई कवापासून झाली?

त्या जूनमध्ये काय झालं, दादा? व्याकरण बाजूला ठेवून लिही.

सुलू


शिरूर,
३ एप्रिल

सुलक्षणा,

हा चौथा कागद. आधीचे तीन फाडले, कारण तिन्हींत मी बरा माणूस दिसत होतो.

त्या जूनमध्ये पुण्याहून एक निवृत्त प्राचार्य माझ्याकडं आले होते. तिथल्या संस्कृत परिषदेत माझा निबंध घ्यायचं चाललं होतं, त्याबद्दल बोलायला. तुझी अनितावहिनी माहेरी गेलेली. बाई मागं भांडी घासत होती. आमच्याकडं भांड्यांना ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे. पाहुणे आलेत म्हणून तिनंच चहा केला आणि घेऊन आली. पदर खोचलेला, कोपरापर्यंत साबणाचा फेस. ती कप ठेवत असताना प्राचार्यांनी मला विचारलं, 'ह्या कोण?'

मी म्हटलं, 'बाई आहेत.'

शपथ वाहू नये असं आपल्याला शिकवलंय, म्हणून वाहत नाही. पण तोंडातून निघाला तो शब्द लहानपणचाच होता. मी दोन वर्षं स्वतःला तेवढंच सांगत आलोय. पण मग 'आहेत' कुठून आलं? मी जन्मात बाईला अहो-जाहो केलेलं नाही. 'बाई आहे' असं म्हटलं असतं तर पुढं 'माझी' जोडायला जागा होती. 'आहेत' म्हटलं आणि ती जागा बुजली. शिकलेल्या घरांत कामवालीला जे आदरार्थी बहुवचन लावतात, ते मी माझ्या आईला लावलं. चूक होऊ नये म्हणून तीस वर्षं घोकलेलं व्याकरण, ऐन वेळी बिनचूक चाललं.

प्राचार्य म्हणाले, 'नशीबवान आहात. हल्ली चांगली बाई मिळत नाही हो.'

आणि मी म्हटलं, 'हो ना.'

'बाई' चुकून गेलं असेल. 'हो ना' चुकून गेलं नाही. मधे पुरेसा वेळ होता. बाई तिथंच, हातात ट्रे धरून. मला म्हणाली, 'साखर बघा, सायेब.' आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरलेली होती.

बाबा गेल्यावर तिनं शिरूरला तीन घरची भांडी घासली, म्हणून मी कॉलेजात गेलो. वर्गात शिकवतो मी, तृतीया विभक्ती कुणाला, तर जिच्या योगानं काम होतं तिला. त्या तिन्ही घरांत तिला बाई म्हणायचे. घरी आम्हीही बाई म्हणायचो. शब्द एकच, कुठला कुणाचा, हे तिला आवाजावरून कळायचं. त्या दिवशी तिला माझा आवाज त्या तीन घरांमधला वाटला, आणि तिचा कान चुकला नाही.

शेकोटीपाशी एका शिष्यानं तीनदा सांगितलं होतं, मी त्याला ओळखत नाही. त्याला निदान जिवाची भीती होती. मला एका निवृत्त माणसाच्या मताची होती. तेव्हापासून मी तिला पत्रातसुद्धा आई म्हणतो. तो शब्द कोरा आहे.

पाळकसाहेबांना सांग, अबोला आहे. पूर्ण आहे. तिसरा शब्द दुसऱ्या कुणाला द्या.

सत्यजीत


दौंड,
८ एप्रिल

दादा,

पत्र ड्यूटीवर उघडलं. उघडायला नको होतं. त्या दिवशी एका बाईंची सलाईन मला दोनदा लावावी लागली.

'जाऊ दे, होतं असं' असं मी लिहिणार नाही. दोन वर्षं ती माझ्या अंगणात घासलेली भांडी का घासत होती ते मला आज कळलं. तू आलास की ती तुला दाखवत होती, बघ, बाई काम करतीय. आन् तू चहा पिऊन जात होतास.

नाव काढलेलं नाही. तू म्हणतोस दुसऱ्याला द्या. म्हंजे परत तेच झालं की. तिनं तुझं नाव घेतलंय, आन् तू म्हणतोस, माझा काय संबंध.

आता माझं. मीही एक गोष्ट लपवली. मीठ मी गंमत म्हणून लिहिलं, ते पहिल्यांदा नव्हतं. डिसेंबरपासून आत्या विसरतीय. एकदा मला म्हणाली, 'तू कुणाची गं?' एकदा सकाळी गेटपाशी उभी. म्हटलं, काय बघतेस? म्हणाली, ह्यांची डुटी सुटली न्हाई का अजून. तुझे बाबा इथं नोकरीत असतानाच गेले, त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, दादा. आमच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, आठवण कमी होत जाणार, परत येणार नाही. काही दिवस लख्ख जातात, काही दिवस धुकं. कुठला दिवस कसा ते ती उठल्याशिवाय कळत नाही.

तुला कळवलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी धावत आला असतास, दयेनं. तिच्याकडं दयेनं आलेलं माणूस मला नको होतं. चूक झाली असेल माझी. आता मात्र पुढच्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारवर टाकू नको.

अठरा तारीख, साडेअकरा. चौफुल्याला गाडी बदल.

सुलू


दौंड,
२० एप्रिल, रविवार संध्याकाळ

दादा, पुनरुत्थानाच्या सणाचा सलाम.

नाश्ता न करता स्कूटरला किक मारून पळालास. मी डबा घेऊन गेटवर आले तर नुसती धूळ. म्हणून लिहितीय, कारण दोन गोष्टी मला कळल्याशिवाय झोप लागायची नाही.

शुक्रवारचं आतल्या खोलीतलं मी दारातनं ऐकलं. पाळकसाहेबांनी विचारलं आन् तू म्हणालास, 'आहे. माझ्या आईशी. ती पहिल्या बाकावर बसली आहे.' साहेबांनी बाहेर पहिल्या बाकाकडं बघितलं. मग म्हणाले, 'वेदी तिथंच हाय आन् आईबी तिथंच हाय. लांब जायला नको. जा, बोला.'

तुझ्या हातात ती सात पानं होती. पुलपिटावर गेलास, पानांची घडी घातलीस आन् खिशात ठेवलीस. काय बोललास ते मला पाठ झालंय. 'भाषांतर बरोबर आहे. मरताना त्यानं आईला बाई म्हटलं आणि तिला घर दिलं. मी चांगला धडधाकट असताना माझ्या आईला बाई म्हटलं आणि तिचं घर काढून घेतलं. माझ्याकडं सांगायला एवढंच आहे.' आन् खाली बसलास. दोन मिनिटं पण झाली नाहीत. पोपटकाका नंतर उभे राहिले तर त्यांना मनमाडची गाडी आठवेना. नुसतं म्हणाले, 'त्याला तहान लागली होती,' आन् बसले. अकरा वर्षांतलं त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण.

मी सारखी आत्याकडं बघत होते. तिच्या तोंडावर काही म्हंजे काही नाही. उपासना सुटल्यावर मी खुर्च्या गोळा करत होते. आमच्या आळीतल्या साखरबाई आत्याला काहीतरी विचारत होत्या, तू शेजारीच उभा. एकाएकी तू पांढरा पडलास आन् तरातरा बसस्टँडकडं चालायला लागलास. काय ऐकलंस?

आन् आज पहाटे कबरस्तानातल्या सणाच्या उपासनेत काय झालं? तुझ्या बाबांच्या कबरीपाशी मेणबत्त्यांच्या उजेडात मला तुमच्या दोघांच्या पाठीच दिसल्या. आत्याला विचारलं तर 'त्यालाच इचार' म्हणाली आन् गालातल्या गालात हसली. मग पोळ्या लाटत बसली. मधेच म्हणाली, सर जेवले का.

लिही.

सुलू


शिरूर,
२२ एप्रिल

प्रिय सुलू,

सात वाक्यांना शब्द म्हणणाऱ्यांची मी लेखी माफी मागतो. परवापासून माझ्याकडं एकेका शब्दात वाक्यं सापडताहेत.

शुक्रवारचं सांगतो. साखरबाई तुमच्या आळीत नव्या राहायला आलेल्या, त्यांना मी कोण हे ठाऊक नाही. त्यांनी बाईला विचारलं, 'हे कोण वं?' बाईनं माझ्याकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. आणि म्हणाली, 'शिरूरचे सर हायेत. बरं बोलत्यात.'

हायेत. माझं बहुवचन, जसंच्या तसं.

चौफुल्यापर्यंत खिडकीला डोकं टेकून मी एकच प्रार्थना केली. तशी आजवर कुणी केली नसावी. प्रभू, हा सूड असू दे. सूड असला तर तिला मी आठवतोय. विसर असला तर मी कबुली दिली ती कुणाला?

शनिवारबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. प्रभू कबरीत होता त्या शनिवारबद्दल शास्त्रातही फारसं काही लिहिलेलं नाही. का, ते ह्या खेपेला कळलं.

रविवारी पहाटे आलो तेव्हा तुमचं गाणं चालू होतं. मी बाईच्या मागं जाऊन उभा राहिलो. पाळकसाहेब प्रभूच्या कबरीपाशी रडणाऱ्या मरियेचा, त्याच्या आईचा नव्हे, दुसऱ्या मरियेचा, उतारा वाचत होते. मी तो पन्नास वर्षं ऐकतोय. उठलेला प्रभू तिच्या समोर उभा आहे आणि ती त्याला माळी समजते. सुलू, तिथं तो तिला पहिली हाक काय मारतो? बाई, का रडतेस. क्रुसावर बाई, आणि कबरीतून बाहेर आल्यावर पहिला शब्द पुन्हा बाई. त्या हाकेला तिला ओळख पटत नाही. तो न चिडता दुसरी हाक मारतो, नावानं. मी मनातल्या मनात भाषांतरकारांच्या पाया पडलो आणि म्हटलं, 'बाई.'

ती वळली नाही. मी परत म्हटलं, 'बाई, मी.'

'कोण, सर का?'

'सत्या.'

मेणबत्तीला वारा लागू नये म्हणून तिनं तळहात आडवा धरला होता. माझ्याकडं न बघता ती म्हणाली, 'आज पाव्हणं न्हाईत वाटतं.'

हसू आलं की रडू, मला सांगता येणार नाही. माझी मेणबत्ती विझली एवढं खरं. तिनं आपल्या मेणबत्तीवर ती पेटवून दिली. मी साखरबाईंकडं वळलो आणि म्हटलं, 'शुक्रवारी तुम्ही विचारलंत, हे कोण. ही माझी आई. आम्ही हिला बाई म्हणतो.' तर बाई म्हणाली, 'तिला कशाला सांगतुयास? त्या पुण्यावाल्याला सांग.'

काल त्या प्राचार्यांना पत्र टाकलं. चार ओळी. आपण दोन वर्षांपूर्वी माझ्या घरी चहा घेतलात, तो घेऊन आलेली माझी आई होती, आपण विचारलंत तेव्हा मी ते सांगितलं नाही आणि आपल्या बोलण्याला 'हो ना' म्हटलं. एकही समास नाही, एकही विनोद नाही. इतकं वाईट गद्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही आणि इतकं खरंही.

इथं पत्र संपवता आलं असतं. पण तू विचारलंस, नाश्ता न करता का पळालास.

परतताना बाईनं माझं कोपर धरलं होतं. तिथं जमीन खालीवर आहे, तुला माहीतच आहे. उजाडलं होतं. गेटच्या जरा अलीकडं ती थांबली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाली, 'सर, तुमची आय हाय का?'

मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. टोमणा असेल म्हणून हसू शोधलं. नव्हतं. म्हटलं, 'हाय.'

'मग जावा बिगीनं. वाट बघत आसंल.'

तिनं कोपर सोडलं. मी गेलो. तिनं सांगितलं म्हणून गेलो, दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच राहिले होते, आणि शंका घेणाऱ्या शिष्याला ओळख पटली ती त्या व्रणांवरून. दोन वर्षं मला वाटत होतं, मी बाईला दिलेला व्रण बुजावा. आता वाटतं, राहू दे. त्या पाव्हण्याच्या व्रणावरूनच तिनं मला अर्धा तास ओळखलं. तेवढा तरी राहू दे.

ह्या शनिवारी येतोय. दर शनिवारी येईन. नाश्ता करेन. मागच्या अंगणात तिच्याशेजारी बसेन आणि तिनं घासलेली भांडी विसळेन, हे मी अनितालाही सांगितलंय. बाईनं माफ केलंय की नाही, ह्याची मला आता काळजी नाही. तिनं माझी मेणबत्ती पेटवली, मला तेवढं पुरे.

भीती दुसरीच आहे, आणि ती मला गमतीत सांगता येत नाही. एखाद्या शनिवारी मी दारातून 'बाई' म्हणून हाक मारेन. त्या दिवशी धुकं असेल. तिला एवढंच कळेल, कोणी तरी सर आलेत आणि बाईला हाक मारताहेत. ती पदर खोचेल आणि भांडी घासायला उठेल.

तुझा,
सत्या